एकसष्ट नंबरचा बिल्ला

रोटनाऊ, ११ फेब्रुवारी २०१४

प्रिय रोस्विता,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. आताही विशेष नाही, पण तुझ्याकडे एक काम आहे.

येत्या सप्टेंबरात आपलं गाव साडेसहाशे वर्षांचं होतंय. म्हणजे ज्या जुन्या कागदावर गावाचं नाव पहिल्यांदा सापडतं, तो कागद तेवढा जुना आहे. समितीने पुस्तक काढायचं ठरवलंय, आणि गावात निवृत्त मास्तर एकच उरल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. समितीची अध्यक्ष गेर्लिंडे आहे. बेकरीवाली, मुकादम कोनराड लिप्पोल्टची मुलगी. ती म्हणते, मास्तर, फोटो भरपूर घाला, मजकूर कोण वाचतो? तिचंही बरोबर आहे.

सुरुवातीची पानं झाली. मुल्डे नदीवर आधी लोखंड ठोकायचा पाणघण होता, मग पिठाची गिरणी, मग लाकूड दळून पुठ्ठा करायचा कारखाना. अर्ध्या देशाच्या बुटांची खोकी आणि पुठ्ठ्याच्या बॅगा आपण केल्या. एक्क्याण्णव साली तो बंद पडला. दोन हजार दोनच्या पुरात खालचा मजला गेला, गेल्या जूनच्या पुरात उरलेलं गेलं. आता तिथे गवत आहे. कारखान्याला पाणी आणणारा पाटही बुजवला. गवत चांगलं आलंय.

कामगारांच्या नंबरी बिल्ल्यांचा फळा मात्र वाचला. आगीच्या बंबाच्या खोलीत मी जुन्या वस्तू मांडल्यात, तिथे तो पुराच्या पाण्यात चार दिवस होता. शेगडीपाशी ठेवून वाळवला. एकशे चाळीस खिळे आहेत. दोनदा मोजले. माझी खोड तुला ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत दर वळणावर पोरं मोजायचो म्हणून ती मला ‘दोनदा मास्तर’ म्हणायची.

आता काम. पाट उपसायचा दिवस पुस्तकात हवाच. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आदल्या शनिवारी बंधाऱ्यावर पाणी अडवून सगळं गाव पाटात उतरून गाळ काढायचं, हे नव्या लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. बायकांचं त्या दिवशी काय काय असायचं ते तू लिहून पाठव. आणि एक गंमत घालू का? रोज पाळी सुटली की तुम्ही बायका स्वतःच्या बिल्ल्याबरोबर नवऱ्याचाही फळ्यावरून काढून पेटीत टाकायच्या, म्हणजे पुरुषांना नळावर निवांत हात धुता यायचे. पहारेकरी बघून न बघितल्यासारखं करायचा.

एकोणसत्तरचा शनिवारही पुस्तकात येणार. तुझा आर्नो त्या दिवशी कारखान्याखालच्या बोगद्यात बुडाला, आणि त्यापायी माझे बाबा चौदा महिने तुरुंगात होते. तुला विचारणं बरं नाही, कळतं. पण त्या दिवशी पाटावर असलेल्यांपैकी आता बोलू शकणारे आपण दोघंच आहोत.

तुझा मावसभाऊ,
फोल्कमार


श्ट्रालझुंड, २ मार्च

प्रिय फोल्कमार,

तुझं पत्र मिळालं. इथे वारा आहे. हिनरिष जाऊन तीन वर्षं झाली, तरी मी बटाटे दोघांचे उकडते आणि दुसऱ्या दिवशी उरलेले परतून खाते. तक्रार नाही, सवय आहे.

पाटाचा दिवस लिहिते. पहाटे तुझे बाबा, म्हणजे आमचे राइनहोल्डकाका, बंधाऱ्याचं दार खाली उतरवायचे. पाटकरी तेच, त्यांचे वडीलही तेच. दोन तासांत पाट रिकामा व्हायचा आणि तो वास यायचा. पुस्तकात ‘नदीचा सुगंध’ वगैरे लिहू नकोस. आंबलेल्या कोबीसारखा वास यायचा आणि तो आठवडाभर केसांतून जायचा नाही.

फळा त्या दिवशी फाटकावरून काढून शिडीपाशी आणायचे. उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्यावर लावायचा, वर आलं की काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. फळा रिकामा झाल्याशिवाय काका दाराच्या चाकाला हात लावायचे नाहीत. बायका उघड्या पाटात फावडं मारायच्या, पुरुष कंदील घेऊन कारखान्याखालच्या बोगद्यात शिरायचे. गाळात काय काय निघायचं. कवळी, सायकलची घंटा, एकदा लाफेट म्हातारीची लग्नाची अंगठी, तीही तिने पाण्यात पडली म्हणून सांगितलेल्या जागेपासून पार दुसऱ्या टोकाला. गाव आठ दिवस हसत होतं. शेवटच्या डबक्यात वाम सापडायची. ज्याने धरली त्याची. ती पेन्टेकॉस्टला धुरावून खायची. दुपारी बटाट्याचं सॅलड, कॉफी, साखरेचा केक. हे सगळं लिही.

बिल्ल्यांची ती गंमत घालू नकोस. कारखान्यात शिस्त नव्हती असं वाटेल.

शनिवारबद्दल माझ्याकडे काही नाही. मी वर कॉफीच्या टेबलापाशी होते. भोंगा वाजला, पाणी सुटलं, मग ओरडाआरडा झाला. तेव्हा पोलिसांना जे सांगितलं तेवढंच आहे.

रोस्विता


रोटनाऊ, १६ मार्च

प्रिय रोस्विता,

पाटाचा दिवस छान लिहिलास. कोबीचा वास जसाच्या तसा ठेवला. गेर्लिंडेने नाक मुरडलं, पण ठेवला.

आता एक गोष्ट सांगतो, ती गेर्लिंडेला अजून सांगितलेली नाही. जानेवारीत मी कोर्टाच्या जुन्या कागदांच्या नकला मागवल्या होत्या. एवढी वर्षं मागवल्या नाहीत. का, ते विचारू नकोस.

बाबांनी कोर्टात एकच वाक्य सांगितलं होतं. फळा रिकामा होता, म्हणून मी दार उघडलं. आणि पोलिसांनी सांगितलं की आम्ही आलो तेव्हा आर्नोचा एकसष्ट नंबरचा बिल्ला फळ्यावर लटकत होता. संपला विषय. बाबांना डोळे असून दिसलं नाही, असा निकाल झाला. परत आले तेव्हा पाटकरीपण गेलेलं. मग सोळा वर्षं कारखान्याचं अंगण झाडलं. खानावळीत त्यांच्या टेबलाशी कोणी बसायचं नाही. वाईट बोलायचेही नाहीत, नुसते बसायचे नाहीत. ते एक बिअर प्यायचे आणि घरी यायचे.

पण कागदात असं आहे की बिल्ला सापडला तो अठ्ठेचाळीस नंबरच्या खिळ्यावर. पोलिसाने इमानाने टिपून ठेवलंय, फक्त त्याचा अर्थ कोणी विचारला नाही. बाहेरगावच्या माणसाला खिळा म्हणजे खिळा. पण आपल्यापैकी कोणी दुसऱ्याच्या खिळ्यावर बिल्ला लावेल का? आर्नो तर नाहीच. माणूस अंधारातसुद्धा आपल्या खिळ्यावर हात नेतो. म्हणजे बिल्ला आधी कोणीतरी काढला होता, आणि नंतर घाईत कुठेतरी अडकवला. फळा खरंच रिकामा होता.

अठ्ठेचाळीस नंबर कोनराड लिप्पोल्टचा. मुकादम तोच, बोगद्याची टोळी त्याची. वरची दुपारची बिअर गरम होत होती. त्याने आर्नो वर आलाय असं धरून बिल्ला काढला असणार, आणि मग आपल्याच खिळ्यावर हात गेला असणार. बाबा आत गेले तेव्हा तो आमच्याकडे एक पोतं कोळसा टाकून गेला होता. आईला वाटलं माणुसकी. मला आता वेगळं वाटतं.

मी हे छापणार आहे. गेर्लिंडेला कसं सांगायचं ते बघतोय. तू कोनराडला फळ्यापाशी बघितलं होतंस का? एवढंच सांग. छपाईला मजकूर मेअखेर द्यायचाय.

फोल्कमार


श्ट्रालझुंड, २० एप्रिल, ईस्टर

प्रिय फोल्कमार,

ईस्टरच्या शुभेच्छा. उशीर झाला, गुडघा धरला होता.

कोनराडला मी फळ्यापाशी बघितलं नाही. तो माणूस तसा नव्हता. कोळसा त्याने आमच्याकडेही टाकला होता, आणि बाल्डाउफच्या विधवेकडेही. त्याचा स्वभावच होता.

मेलेल्या माणसाला कोर्टात कशाला उभं करतोस? काकाही नाहीत, कोनराडही नाही, आर्नोही नाही. अपघात झाला असं लिही. गावाच्या पुस्तकात लोकांना बकऱ्यांची प्रदर्शनं आणि बँडचे फोटो हवे असतात. गेर्लिंडे बरोबर सांगते.

रोस्विता


रोटनाऊ, २७ एप्रिल

प्रिय रोस्विता,

अपघात लिहिता येणार नाही. मी प्रयत्न केला. चार वेळा लिहून बघितलं.

तुला वाटतं मी बाबांसाठी भांडतोय. गावालाही तसंच वाटेल, आणि इतके दिवस मीही तसंच वाटू दिलं. ते अर्धंच खरं आहे.

चाकापासून फळा दिसत नाही, तुला आठवत असेल. मधे हत्यारांची खोली. तेव्हा फळा वाचायला दुसरा माणूस लागायचा. नियम असा की फळ्यापर्यंत जायचं, सगळ्या खिळ्यांवरून हात फिरवायचा आणि मग ‘फळा रिकामा’ अशी हाक द्यायची. त्या शनिवारी तो माणूस मी होतो. बावीस वर्षांचा होतो, शिक्षकाच्या परीक्षेला बसलो होतो. त्या दिवशी नवे बूट घालून गेलो होतो, आणि शिडीपाशी घोट्याएवढा चिखल होता. मी फळ्यापर्यंत गेलो नाही. पायवाटेच्या फरशीवरून बघितलं. अकरा पावलं. नंतर मोजली. मला खिळे दिसले, बिल्ला दिसला नाही, आणि मी हाक दिली. बाबांनी दार उचललं.

पोलीस यायच्या आधी बाबा मला एवढंच म्हणाले, “तू तिथे नव्हतास. फळा मी वाचला. आता घरी जा आणि बूट पुसून ठेव.”

मी घरी गेलो आणि बूट पुसले. कोर्टातही तसंच सांगितलं. त्यांना चौदा महिने झाले, मला शाळा मिळाली. ते परत आल्यावर यावर आम्ही एकदाही बोललो नाही. सत्त्याऐंशी साली ते गेले, तेव्हाही नाही. मी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सूप गार होतंय.

पंचेचाळीस वर्षं मी असं धरून चाललोय की बिल्ला तिथेच होता आणि मला दिसला नाही. मी लग्न केलं नाही, त्याला हेच कारण असं म्हणणार नाही, उगाच मोठं वाटतं. पण कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना मी परत वळून बघतो. दिवा, नळ, शेगडी. दोनदा. पोरं हसायची ती याला. दुःख म्हणशील तर आता होत नाही. थंडीत बोटांना कळेनासं होतं तसं आहे. हलतात, कामं करतात, कळत मात्र नाही.

आणि आता हा अठ्ठेचाळीस नंबरचा खिळा. बिल्ला काढलेला होता हे खरं असेल, तर मी बरोबर बघितलं होतं. खोटं असेल, तर आर्नोला मी मारलं. मला एवढंच हवंय, रोस्विता. कोनराड की आणखी कोणी, हे मला खरं तर नकोय. पण दुसरं कोणी नाव सांगत नाही, तर मला कोनराडचंच लिहावं लागेल. गेर्लिंडेला काल सांगितलं. आज सकाळी तिने पाव पिशवीत घालून काउंटरवर ठेवला आणि आत निघून गेली.

फोल्कमार


श्ट्रालझुंड, १८ मे

फोल्कमार,

फळा तू वाचलास हे मला माहीत नव्हतं. हे आधी वाच आणि मग पुढचं. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं की काकांनीच फळा वाचला आणि त्यांना ठाऊक होतं की तो रिकामा होता. म्हणजे निदान त्यांच्या मनाला तरी खात्री होती, असं मी स्वतःला सांगत आले. तू असा मधे उभा असशील असं कधी डोक्यात आलं नाही.

बिल्ला मी काढला.

आर्नो शिडीवरून वर आला होता. मी त्याला बघितलं. सगळ्यांच्या बादलीत वाम होती. मी त्याला म्हटलं, “आठ महिने झाले लग्नाला, आणि माझ्या बादलीत नुसता चिखल. आईला काय दाखवू?” चिडून नाही, चेष्टेनेच. तो हसला. बाकीच्यांनी वामीसाठी बोगद्याच्या तोंडाशीच हात घातले होते, आतल्या डबक्यात कोणी बघितलंच नव्हतं. म्हणाला, “थांब, दोन मिनिटांत आणतो,” आणि परत खाली उतरला. हे सगळं मी बघितलं, फोल्कमार. तो खाली गेलेला मी बघितला. मग मी माझा बासष्ट नंबरचा बिल्ला काढला, शेजारचा त्याचाही काढला, दोन्ही एप्रनच्या खिशात टाकले आणि कॉफी ओतायला गेले.

ठरवून काही केलं नाही. रोज दोन काढायचे, दोन काढले. हाताने काढले, मी तिथे नव्हतेच. टेबलापाशी साखर वाटताना भोंगा वाजला, तेव्हासुद्धा लक्षात आलं नाही. मी म्हटलं, चला, झालं. मग कोनराड ओरडला की आर्नो कुठाय, आणि माझा हात खिशात गेला.

मी धावले. फळ्यापाशी कोणी नव्हतं, सगळे पाण्याकडे पळाले होते. मी बिल्ला अडकवला. कुठल्या खिळ्यावर ते आज तुझ्याकडून कळलं. तू म्हणशील लपवायला अडकवला. तसं नव्हतं, निदान तेव्हा नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की बिल्ला लटकला की दार बंद करतात. तसा नियम होता ना? बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे, म्हणजे पाणी थांबवायचं. मी तिथे उभं राहून ओरडलेसुद्धा, “बघा, बघा, तो खाली आहे.” पण पाणी तोवर बोगद्याच्या कमानीला लागलं होतं.

मग पोलीस आले आणि त्यांनी फळा बघितला. कोणी मला विचारलं नाही. नवरा गेलेल्या बाईला कोण विचारतं, सगळे गरम दूध आणून देत होते. काका कोर्टात म्हणाले, फळा रिकामा होता, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी पहिल्या बाकावर बसले होते. काळा स्कार्फ तुझ्या आईचा होता, तिने दिलेला. उठून चार शब्द बोलायचे होते. उठले नाही. पहिली पाच मिनिटं माझी नव्हती, फोल्कमार, पण पुढची पंचेचाळीस वर्षं माझीच आहेत.

पुढच्या वसंतात इकडे आले. मासळीच्या कारखान्यात डबे भरले. इथेही फाटकावर बिल्ले होते. मी रोज एकच काढायची. हिनरिष तिथेच ट्रॉली ओढायचा, कधीतरी म्हणायचा, माझाही आण की. मी नाही आणला. तो समजायचा मी मानी आहे. त्याला काही सांगितलं नाही. तो चांगला माणूस होता, आणि त्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं सुखात होते की नव्हते, हे मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून मला नीटसं काही जाणवत नाही, चांगलं नाही की वाईट नाही. तू बोटांचं लिहिलंस ते वाचून पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासली.

खटला संपल्यावर बिल्ला मला परत दिला होता. सोबत पाठवते आहे. शिवणाच्या डब्यात होता.

कोनराडचं नाव काढून टाक आणि गेर्लिंडेला सांग. माझं नाव लिही. पूर्ण लिही, आर्नोचं आडनाव लावून लिही, नाहीतर गावात कळायचं नाही. तू बरोबर बघितलंस. फळा रिकामा होता.

रोस्विता


रोटनाऊ, ७ जून, पेन्टेकॉस्टचा आदला शनिवार

प्रिय रोस्विता,

तुझं पत्र एकवीस मेला आलं. वाचलं आणि जिना पुसायला घेतला, माझी पाळी होती. पुसून झाल्यावर परत वाचलं. मला वाटलं होतं की असं काही कळलं तर मी रडेन, किंवा तुझ्यावर संतापेन. बाबांचे चौदा महिने आहेत, त्यांचं ते एकट्याचं टेबल आहे. राग कुठे आहे म्हणून मी शोधला. असेल कुठेतरी. मिळाला की कळवीन, फसवणार नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन गेर्लिंडेची माफी मागितली. तिला सगळं सांगितलं, माझंही. ती पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. म्हणाली, “बाबा मरेपर्यंत म्हणायचे, मी डोकी मोजायला हवी होती.” म्हणजे तोही. मग तिने विचारलं, पाव नेहमीचाच ना?

मजकूर छापायला गेला. पान एकशे बारा. तू म्हणालीस तसं तुझं पूर्ण नाव घातलं. पण एकटं घातलं नाही. काय लिहिलंय ते उतरवून देतो. ‘आर्नो झाइफर्टचा बिल्ला त्याच्या बायकोने, रोस्विता झाइफर्टने, रोजच्या सवयीने काढला होता. फळा फोल्कमार ट्रेप्टेने जवळ न जाता वाचला आणि कोर्टात ते लपवलं. पाटकरी राइनहोल्ड ट्रेप्टे यांचा दोष नव्हता.’ एवढंच. बिल्ल्यांची ती गंमत आधीच्या पानावर घातली. आता ती हवीच. पुढच्या पानावर बँडचा फोटो आहे. सप्टेंबरात लोक वाचतील, किंवा गेर्लिंडे म्हणते तसं वाचणार नाहीत.

ही शेवटची गोष्ट आजच लिहितोय, कारण आज तो शनिवार आहे. पाट नाही, त्यामुळे गावात काही नव्हतं. दोघं-तिघं गाड्या धूत होते.

दुपारी मी बंबाच्या खोलीतून फळा बाहेर काढला आणि पूर्वी शिडी होती त्या बाजूला, कुंपणाच्या खांबाला टेकवला. गवतातून जुनी फरशी अजून वर येते, दोन-तीन दगड आहेत. शेजारच्या अंगणात झाडू मारणाऱ्याने विचारलं, मास्तर, काय मांडताय? म्हटलं, मोजतोय. तो निघून गेला.

फळ्यावर एकही बिल्ला नव्हता. मी खिळ्यांवरून हात फिरवला, सगळ्या एकशे चाळीस. मग आर्नोचा बिल्ला अठ्ठेचाळीस नंबरच्या खिळ्यावर लावला, पोलिसांना दिसला तिथे. अकरा पावलं मागे गेलो आणि फरशीवर उभा राहिलो. साडेतीन वाजले होते, तेव्हाही तेवढेच वाजले होते. ऊन डाव्या बाजूने येतं. चष्मा काढला, कारण तेव्हा नव्हता. आता माझी नजर अधू आहे, तेव्हा चांगली होती, हे लक्षात घे.

मग वळून बघितलं.

दिसतो, रोस्विता. एकच बिल्ला असला तरी दिसतो. पत्रा उन्हात चमकतो. या म्हाताऱ्या डोळ्यांनासुद्धा दिसला.

मी परत जाऊन तो एकसष्टच्या खिळ्यावर लावला आणि पुन्हा अकरा पावलांवर आलो. तिथूनही दिसतो. मग तिथेच गवतात बसलो. किती वेळ ते माहीत नाही. उठलो तेव्हा उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, आणि दुखत होतं.

जाताना फळ्यापाशी गेलो आणि बिल्ला काढला. रात्रभर लटकत ठेवणं बरं वाटलं नाही, तो अजून खाली आहे असं झालं असतं. तो माझ्या खिशात आहे. सप्टेंबरात तू ये. तू आलीस की तुझ्या हातात देईन आणि आपण दोघं ठरवू, त्याचं काय करायचं. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, स्टेशनवर मी घ्यायला येईन.

फळा आत ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि घरी आलो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की मी परत वळून बघितलं नव्हतं.

तुझा,
फोल्कमार